गच्चीवरची टाकी कोणाची?

नळाला पाणी आलं, की आपली पहिली धाव असते ती पिण्याच्या भांड्यांकडे. कालचं उरलेलं पाणी शिळं झालं, म्हणून ते कुंड्यांना घालायचं. हंडा-कळशी लख्ख घासायची, तोंडाला दुहेरी फडकं बांधायचं आणि ताजं पाणी भरून ठेवायचं. आईनं हेच केलं, सासूबाईंनी हेच केलं आणि आपणही हेच करतो. चोवीस तासांत पाणी शिळं होतं, असं मानणाऱ्या आपण! पण मैत्रिणींनो, एक प्रश्न विचारते, राग मानू नका. ते 'ताजं' पाणी ज्या टाकीतून नळात उतरलं, ती टाकी शेवटची कधी धुतली होती?

बहुतेक घरांत या प्रश्नाला नेमकं उत्तर मिळत नाही. "ह्यांना विचारलं पाहिजे," "सोसायटीवाले करत असतील," "मागे एकदा माणूस आला होता खरा," अशी उत्तरं येतात. स्वतःचं घर असेल तर टाकी गच्चीवर, वर जायला लोखंडी शिडी, म्हणून आपण तिकडे फिरकत नाही. फ्लॅट असेल तर टाकी सगळ्यांची, म्हणजे पर्यायाने कोणाचीच नाही. दिवाळीच्या आधी माळ्यावरचे डबे खाली येतात, पंख्यांची पाती पुसली जातात, देवघरातली समई चिंचेनं उजळते. ज्या पाण्यावर सगळं घर चालतं त्या पाण्याचं घर मात्र वर्षानुवर्षं तसंच राहतं.

आज त्या टाकीविषयीच बोलू या. काम वाटतं तितकं अवघड नाही. वर्षातून दोन दिवस, थोडी ब्लीचिंग पावडर आणि घरातल्या माणसांची मदत, एवढंच त्याला लागतं.

पाणी वाटेत बिघडतं कुठे?

नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रातून पाणी निघतं तेव्हा ते निवळलेलं, गाळलेलं आणि क्लोरीन घातलेलं असतं. त्यातला थोडा क्लोरीन मुद्दामच शिल्लक ठेवतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे ग्राहकाच्या नळापाशी दर लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम एवढा क्लोरीन उरलेला असावा. हा पाण्याबरोबर घरापर्यंत आलेला पहारेकरीच समजा. वाटेत एखादा जंतू शिरला तर त्याचा समाचार घ्यायला तो असतो.

पण या पहारेकऱ्याची ताकद मर्यादित असते. गाळ, शेवाळ, सडलेला पाला यांच्याशी झुंजण्यातच तो खर्ची पडतो. टाकीच्या तळाशी दोन बोटं गाळ असेल, तर नगरपालिकेनं घातलेला क्लोरीन त्या गाळातच संपतो आणि आपल्या नळाला येतं ते पाणी बिनपहाऱ्याचं असतं.

वाटेतली पहिली धोक्याची जागा म्हणजे रस्त्याखालची जलवाहिनी. आपल्याकडे बहुतेक गावांत पाणी ठरावीक वेळीच सोडतात. पाणी बंद झालं की नळ्यांतला दाब जातो आणि कुठे फट असेल तर शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. म्हणून पाणी आलं की पहिली काही मिनिटं ते गढूळ किंवा वासाचं येतं. ते पाणी फरशी पुसायला, संडासाला वापरा. स्वच्छ धार सुरू झाली की मगच पिण्याचं भरा. नळाला थेट मोटर लावून पाणी ओढण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. त्यानं शेजारणीचं पाणी तर पळतंच, पण फुटक्या नळीतून घाणही जोरानं आत खेचली जाते, हे ध्यानात ठेवा.

दुसरी जागा म्हणजे जमिनीखालची टाकी, आपला हौद. पुष्कळ इमारतींत ती ड्रेनेजच्या चेंबरपासून चार-पाच पावलांवर असते. झाकण जमिनीलगत असतं आणि पावसात अंगणातलं पाणी कडेनं आत झिरपतं. तिसरी जागा वरची टाकी. तिथे कबुतरं बसतात, पाली पडतात, झाकण वाऱ्यानं उडतं. आणि चौथी जागा? आपलंच स्वयंपाकघर. तिच्याकडे शेवटी वळू.

दुखणं आज, पाणी महिन्यापूर्वीचं

"इतकी वर्षं झाली, आम्हाला कुठे काय झालंय?" असं कोणी म्हणेल. खरी मेख इथेच आहे. जुलाब-उलट्या लागल्या तर आपण आदल्या दिवशीच्या भेळेला बोल लावतो. विषमज्वर दूषित पाणी पोटात गेल्यावर साधारण एक-दोन आठवड्यांनी डोकं वर काढतो. काविळीचा 'ई' प्रकार तर सरासरी पाच-सहा आठवड्यांनी दिसतो. डोळे पिवळे दिसायला लागतात तेव्हा दीड महिन्यापूर्वी गढूळ पाणी आलं होतं, हे कोणाला आठवणार? म्हणून टाकीवरचा आरोप सिद्धच होत नाही.

ही 'ई' कावीळ आपण बायकांनी विशेष समजून घ्यावी अशी आहे. धडधाकट माणसाला ती काही आठवडे अंथरुणात ठेवते आणि बहुधा बरी होते. पण गरोदर बाईला, त्यातून शेवटच्या तीन महिन्यांत, ती झाली तर जिवावर बेतू शकते. घरात सून किंवा लेक बाळंतपणासाठी आलेली असेल तर डिंकाच्या लाडवांच्या आधी पाण्याची टाकी पाहा, असं मी म्हणेन.

१९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत काविळीची फार मोठी साथ आली. सांडपाणी यमुनेतून शहराच्या पाणीपुरवठ्यात शिरलं आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ती 'ई' प्रकारची होती, हे जपून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून पुढे कित्येक वर्षांनी समजलं. त्या वेळी पाण्यात क्लोरीन वाढवला होता. त्यामुळे विषमज्वर बळावला नाही, पण कावीळ मात्र पसरली. यातून आपण घ्यायचा धडा साधा आहे. घाणीवर औषध ओतून भागत नाही. आधी घाण काढायची, मग औषध घालायचं.

अगदी अलीकडचं सांगायचं तर २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गुलेन बॅरी सिंड्रोम, म्हणजे जीबीएस, या दुखण्याची साथ आली. यात हातापायांतली शक्ती जाते. रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. काही रुग्णांच्या तपासणीत दूषित अन्नपाण्यातून पोटात जाणारा कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला. त्या वेळी महापालिकेनं तपासलेल्या काही खासगी आरओ केंद्रांचं पाणीसुद्धा पिण्यालायक नव्हतं आणि ती केंद्रं बंद करावी लागली. जारचं पाणी विकत घेतलं म्हणजे निश्चिंत झालो, असं समजणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं.

डेंग्यूचं तर वेगळंच. त्याच्या डासाला गटार नको, आपल्यासारखंच स्वच्छ पाणी लागतं. उघडी टाकी, पिंप, कूलर, फ्रिजमागची पन्हळी या त्याच्या आवडत्या जागा. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. ही अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भांडं पुन्हा भरलं तर उपयोग नाही. कडा घासल्या पाहिजेत. आठवड्याचा 'कोरडा दिवस' पाळायला सांगतात तो याचसाठी.

"आमच्याकडे फिल्टर आहे की!"

असू द्या, चांगलंच आहे. पण फिल्टरमधून येतं ते पिण्याचं पाणी. कोथिंबीर कुठल्या पाण्यात धुता? काकडी, द्राक्षं, सॅलडची पानं? चूळ कुठल्या पाण्यानं भरता? बाळाच्या आंघोळीचं पाणी त्याच्या तोंडात जात नाही का? हे सगळं टाकीचं पाणी. शिवाय टाकीत जितका गाळ जास्त, तितका फिल्टर लवकर तुंबतो आणि दुरुस्तीचा खर्च वाढतो.

आणखी एक गोष्ट. फिल्टर पाण्यातला क्लोरीनही काढून टाकतो, म्हणजे पहारेकरी गेला. आरओ यंत्राच्या पोटातल्या लहान टाकीत ते पाणी चार दिवस पडून राहिलं तर तिथेही बुळबुळीत थर धरतो. परगावाहून आल्यावर त्या टाकीतलं पाणी आधी सोडून द्या, पुन्हा भरलेलं प्या. कॅण्डलचा साधा फिल्टर असेल तर कॅण्डल आठवड्याला मऊ ब्रशनं नुसत्या पाण्याखाली घासा. साबण लावू नका आणि बारीकशी चीर दिसली तरी ती बदला.

तुरटी फिरवली म्हणजे पाणी शुद्ध झालं, हाही एक जुना समज. तुरटीनं गाळ खाली बसतो, पाणी नितळ दिसतं. जंतूंचा बंदोबस्त तिच्या हातात नाही. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यात जंतू कमी होतात, हे प्रयोगांत दिसलं आहे. तेव्हा आजीचा तांब्या जरूर वापरा. पण साथीच्या दिवसांत त्यावर विसंबू नका. पाणी गाळून घ्या आणि खळखळा उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळत ठेवा. ज्या भांड्यात उकळलं त्यातच झाकून गार करा.

आधी नुसतं बघून या

येत्या रविवारी सकाळी टॉर्च घेऊन गच्चीवर जा. शिडी चढणं जमत नसेल तर घरातल्या जाणत्या मुलाला पाठवा, पण काय पाहायचं ते सांगून पाठवा. या गोष्टी बघायच्या:

झाकण आहे का, आणि ते घट्ट बसतं का? झाकणावर वीट ठेवली असेल तर झाकण बदलायची वेळ झाली आहे, असं समजा. जास्तीचं पाणी बाहेर पडायचा पाइप आणि हवेचा पाइप यांच्या तोंडाला बारीक जाळी आहे का? नसेल तर तिथून डास खुशाल आत जातात. नायलॉनची जाळी दुहेरी करून तारेनं आवळली तरी काम होतं. पाणी भरल्यावर बॉलकॉक बंद होतो का? टाकीला चीर गेली आहे का? सिंटेक्सच्या टाकीवर ऊन आत शिरेल इतका रंग उडाला असेल तर आत शेवाळ धरतं. आणि शेवटी टॉर्चचा उजेड तळाशी टाका. तळ दिसला पाहिजे. भिंतीवर हात फिरवा. बुळबुळीत लागली तर टाकी धुवायलाच हवी. त्या बुळबुळीत थराच्या आड जंतू सुखानं राहतात आणि क्लोरीन तिथवर पोहोचत नाही.

नळाच्या पाण्यात तांबूस कण आले तर ते गंजलेल्या पाइपाचे असतात. काळे, रबरासारखे तुकडे आले तर वायसर झिजला आहे. कुजकट वास आला तर थांबू नका, त्याच दिवशी टाकी उघडा.

टाकी धुण्याचा दिवस

वर्षातून दोनदा टाकी धुवा. एकदा पाऊस सुरू होण्याआधी, मेअखेरीला, आणि एकदा पाऊस सरल्यावर, दिवाळीच्या साफसफाईत. तारीख कालनिर्णयावर लिहून ठेवा, म्हणजे विसर पडत नाही.

पाणी वाया जाईल ही धास्ती असते. म्हणून आदल्या संध्याकाळपासून टाकीत नवं पाणी घेऊ नका. आहे तेच धुण्याभांड्याला वापरून संपवा. पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी वेगळं भरून ठेवा. तळाशी चार बोटं पाणी राहील तेवढं घासायला पुरतं.

सुरुवात करण्यापूर्वी टाकीतून घरात उतरणाऱ्या नळीची चावी बंद करा. ही गोष्ट हमखास राहते आणि मग टाकीतला सगळा गाळ घरातल्या नळांत उतरतो. गॅसचा गिझर असो की विजेचा, तो बंद ठेवा. फिल्टरला आणि कपड्याच्या यंत्राला जाणाऱ्या तोट्या बंद करा, सोलर असेल तर त्याचीही. क्लोरीनच्या कडक पाण्यानं आरओचा पडदा खराब होतो.

आता लांब दांड्याच्या ब्रशनं वरून खाली भिंती घासा. ब्रश नवा घ्या आणि फक्त टाकीसाठीच ठेवा. तारेचा घासणा प्लॅस्टिकच्या टाकीला लावू नका, कारण त्याचे ओरखडे उठतात आणि त्याच ओरखड्यांत पुढे शेवाळ धरतं. नारळाचा काथ्या उत्तम. कपडे धुवायची पावडरही नको, तिचा फेस निघता निघत नाही. झाकणाची आतली बाजू, बॉलकॉकचा फुगा आणि कोपरे विसरू नका. घासून झालं की तळाची तोटी उघडून घाण पाणी सोडा. पिण्याच्या नळीचं तोंड तळापासून जरा वर असतं, त्यामुळे खालचा गाळ आपोआप जात नाही. तो मगानं आणि जुन्या स्वच्छ सुती कपड्यानं टिपून बाहेर काढा. स्वच्छ पाण्यानं एकदा विसळा.

इथवर घाण गेली. आता औषध. ब्लीचिंग पावडर, जिला पुष्कळ ठिकाणी टीसीएल म्हणतात, ती ताजी आणि बंद पाकिटातली घ्या. उघडी राहिलेली पावडर काही आठवड्यांतच निकामी होते. नाकाला झोंबणारा वास नसेल तर ती पावडर वापरू नका. प्रमाण असं:

पहिल्यांदा भिंतींसाठी. १५ लिटरच्या बादलीत १२ ग्रॅम पावडर, म्हणजे चहाचे साधारण तीन सपाट चमचे घाला. ढवळून चुन्याचा साका खाली बसू द्या. वरच्या निवळ पाण्यात फडकं भिजवून भिंतींना लावा आणि अर्धा तास तसंच राहू द्या.

मग नळ्यांसाठी. टाकी पाव भरा आणि दर ५ लिटर पाण्याला १ ग्रॅम पावडर या हिशेबानं औषध घाला. १००० लिटरच्या टाकीत पाव म्हणजे २५० लिटर पाणी, त्याला ५० ग्रॅम. ५०० लिटरच्या टाकीला २५ ग्रॅम, २००० लिटरच्या टाकीला १०० ग्रॅम. इथेही पावडर सरळ टाकीत झोकू नका. बादलीत कालवा, साका बसू द्या आणि वरचं निवळ पाणी टाकीत ओता. आता बंद केलेली चावी उघडा. घरातले नळ एकेक करून सोडा, प्रत्येकाला क्लोरीनचा वास आला की बंद करा. स्वयंपाकघर, मोरी, बेसिन, अंगणातला नळ, सगळे. चार तास कोणी त्या पाण्याला हात लावायचा नाही. लहान मुलं घरात असतील तर नळांना दोरा बांधून ठेवा.

चार तासांनी हे पाणी नळांतून सोडून टाका. ते झाडांना घालू नका. मोऱ्या आणि संडास धुवायला मात्र फार छान. नंतर टाकी भरून, वास अगदी पुसट होईपर्यंत नळ वाहू द्या. झालं काम!

सिमेंटच्या चौकोनी टाकीत किती पाणी मावतं हे माहीत नसेल तर लांबी, रुंदी आणि उंची फुटांत मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि त्याला २८ नं गुणा. ५ फूट लांब, ४ फूट रुंद, ४ फूट उंच टाकीत २२४० लिटर पाणी मावतं. हा आकडा झाकणावर रंगानं लिहून ठेवा, दर वेळी हिशेब नको.

इथे धाडस नको

टाकी धुण्याच्या कामात दोन गोष्टी जिवाशी खेळ ठरतात. पहिली, ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड कधीही एकत्र करू नका. फरशीचं ॲसिड, संडास साफ करायचं औषध, अगदी लिंबाचा रस किंवा व्हिनेगरसुद्धा नको. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद जागेत श्वास कोंडतो. पावडर कालवताना रबरी हातमोजे घाला, नाकावर रुमाल बांधा, आणि उघड्यावर कालवा.

दुसरी, जमिनीखालच्या टाकीत घरच्या माणसानं किंवा रोजंदारीच्या गड्यानं असंच उतरू नये. बंद टाकीत प्राणवायू कमी असतो आणि ते वरून कळत नाही. २०२५ च्या मार्चमध्ये मुंबईत नागपाड्याला टाकी साफ करायला उतरलेले कामगार गुदमरून दगावले. अशा घटनांत पहिल्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही सापडतो. हौद धुण्यासाठी साधनं असलेलीच माणसं बोलवा. झाकणं बरीच आधी उघडून आत पंख्यानं हवा खेळवायला सांगा. कमरेला दोर आणि वर एक माणूस असल्याशिवाय काम सुरू करू देऊ नका. थोडे पैसे जास्त जातील, पण त्या माणसाच्या घरीही कोणीतरी वाट पाहत असतं.

टँकर आला तर

उन्हाळ्यात टँकरवर दिवस काढणाऱ्या घरांची गोष्ट आणखी नाजूक. लातूरच्या दुष्काळात, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून रेल्वेनं पाणी नेलं ते सर्वांना आठवत असेल. ते पाणी भरण्याआधी रेल्वेनं त्या वाघिणी राजस्थानातल्या कोट्याच्या कारखान्यात वाफेनं धुवून घेतल्या होत्या. आपल्या दाराशी येणारा टँकर कधी धुतला होता, पाणी कुठल्या विहिरीचं आहे, हे विचारायला संकोच कसला? टँकरचा पाइप रस्त्यावर लोळवून मग हौदात सोडतात, तेही करू देऊ नका. पाइपाचं तोंड आधी धुवायला सांगा.

टँकरच्या किंवा विहिरीच्या पाण्याला पहारेकरी आपणच नेमायचा असतो. पाणी नितळ असेल तर १००० लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर, वर सांगितल्याप्रमाणे निवळ करून घाला आणि निदान अर्धा-एक तास थांबून पाणी वापरा. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्या, कारण गढूळपणातच औषध संपतं.

पाणी बरं आहे की नाही हे तपासायची एक सोपी बाटलीही मिळते. तिची कल्पना १९८२ साली ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी मांडली. बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरून सावलीत ठेवायचं. एक-दोन दिवसांत पाणी काळं पडलं तर त्यात विष्ठेचे जंतू असण्याचा संशय धरायचा आणि ते उकळल्याशिवाय प्यायचं नाही.

आपल्या राज्यात, म्हणजे स्वयंपाकघरात

टाकी स्वच्छ, नळ स्वच्छ, आणि पाहुण्याला पाणी देताना आपण पेला हंड्यात बुडवतो! बोटं पाण्यात गेली की सगळी मेहनत वाया. आजीच्या घरी लांब दांड्याचं ओगराळं असायचं ते काही उगाच नाही. ते आणा, किंवा तोटीचा माठ-पिंप घ्या. माठ रोज रिकामा करून आतून हातानं नव्हे, स्वच्छ काथ्यानं घासा. वाळ्याची पुरचुंडी टाकत असाल तर दोन-तीन दिवसांनी उन्हात कडकडीत वाळवा आणि बुळबुळीत झाली की फेकून द्या. पाणी गाळायचं फडकं रोज धुवून उन्हात टाका. हात पुसायच्या फडक्याशी त्याची गाठ पडू देऊ नका. नळाच्या तोटीला बांधलेली ती कापडी पिशवी तर आजच काढा. आठ दिवसांत ती घाणीचं घर होते.

मेच्या सुट्टीत माहेरी महिनाभर राहून आलात, तर टाकीतलं पाणी तितकेच दिवस तुंबून राहिलेलं असतं. घरात पाऊल टाकल्यावर सगळे नळ चांगले वाहू द्या, गिझर पूर्ण तापवून आतलं पाणी सोडून द्या, मगच मुलांना आंघोळीला बसवा. फार दिवस जायचं असेल तर टाकी रिकामी करून, झाकण नीट लावून जा.

हा विषय तुम्हीच मांडा

फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मैत्रिणी म्हणतील, "हे सगळं खरं, पण टाकी सोसायटीची. आमचं कोण ऐकतो?" सभेत जिन्याचा रंग, पार्किंगच्या रेषा, गणपतीचा मंडप यांवर तासभर चर्चा होते. टाकीचा विषय निघत नाही, कारण तो काढणारं कोणी तिथे बसलेलं नसतं. पुढच्या सभेला तुम्ही जा. एकटीला संकोच वाटत असेल तर मजल्यावरच्या दोघी-तिघींना बरोबर घ्या. भांडायचं नाही, चार साध्या गोष्टी विचारायच्या. टाक्या शेवटच्या कधी धुतल्या? पुढची तारीख कोणती? झाकणाला कुलूप आणि पाइपांना जाळी आहे का? ड्रेनेजचं चेंबर हौदाच्या किती जवळ आहे? उत्तरं नोटीसबोर्डावर लिहायला लावा. टाकी धुण्याच्या दिवशी आपल्यातली एक जण तिथे उभी राहील, हेही ठरवून टाका. आज तुमची पाळी, सहा महिन्यांनी शेजारणीची.

घरात कोणी आजारी पडलं की रात्र-रात्र उशाशी बसते ती बाईच. मऊ भात, ताक, औषधाच्या वेळा, कामावरच्या रजा, सगळं तिच्याच वाट्याला येतं. तेव्हा टाकीचं झाकण उघडून बघण्याचा पहिला हक्कही तिचाच आहे. येत्या रविवारी टॉर्च घ्या आणि वर जाऊन या.